साडेसात इंच

६ मार्च १९४९, रविवार
आज अंगणात छोट्या आगगाडीचे रूळ टाकायला सुरुवात. स्वतः बनवलेल्या वाफेच्या इंजिनावर बसून मी लिंबाच्या झाडाभोवती फिरणार! गावातल्या छोट्या आगगाड्यांच्या क्लबात सगळे पेन्शनर. एकेक इंजिन दहा-दहा वर्षं घासत बसतात. मी जूनमध्ये संपवणार. २६ तारखेला क्लबच्या ट्रॅकवर प्रेसिडेंट प्रूइटला मागे बसवून एक राऊंड मारायची. जमलं तर मेंबर, नाहीतर पुढच्या वर्षी. त्यांचा नियम!

८ मार्च
शेजारचा टटल कुंपणावरून डोकावला. चाळीस वर्षं रेल्वेचे रूळ मोजले, आता माझे मोजतोय. विचारतो, लेलंड, माप कुठून कुठे धरलंस रे? म्हटलं, या रुळाच्या मधोमधपासून त्याच्या मधोमधपर्यंत, साडेसात इंच. हसायलाच लागला. म्हणे क्लबच्या गाड्यांना पण कळवून ठेव हो. थांब, तुला मापाची काठी करून देतो. मी काय गुरं राखतो? नको म्हटलं.

२ एप्रिल
कपडे वाळवायची दोरी आडवी येते. आई म्हणाली, दोरीला हात लावलास तर तुझ्या चड्ड्या तूच धू. रूळ वळवले. असल्या लोकांत राहून प्रगती कशी व्हायची?

१५ मे
चाकं बसवली. माप थेट माझ्या रुळांवरून घेतलं. पुस्तकं बघून करतात ते भित्रे.

१२ जून, रविवार
चाललं!! आई चर्चची हॅट घालून मागे बसली. दुसऱ्या राऊंडला ठिणगी उडून हॅटला भोक. म्हणाली, मेल्या, थांबव! पण गाडी छान झालीये हो. टटलने परत काठीचं विचारलं. दुर्लक्ष केलं.

२६ जून, रविवार
क्लबात तोबा गर्दी. प्रूइट टाय लावून तयार. इंजिन उचलून त्यांच्या ट्रॅकवर ठेवलं, तर दोन रुळांच्या मधे धप्पकन खाली बसलं. खुडूक कोंबडी जशी. प्रूइट म्हणाला, पोरा, आमच्या गाड्या रुळावरून घसरतात, तुझी तर चढलीच नाही. बटाट्याचं सॅलड खाणाऱ्या बायकासुद्धा हसल्या.

२७ जून
त्यांचा ट्रॅक अर्धा इंच जास्त रुंद आहे. कडक पत्र लिहिणार.

२९ जून
पत्र फाडलं. माप आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत धरतात. माझा रूळ अर्धा इंच जाड. म्हणजे मधे उरले फक्त सात. टटलला हे माहीत होतं तर सरळ सांगायचं ना! म्हाताऱ्यांना कोड्यात बोलायची हौस.

३ जुलै, रविवार
काठी मागायला गेलो. टटल हसला नाही, त्याचा जास्त राग आला. म्हणाला, मार्चपासून खिळ्याला टांगून ठेवलीये, घे. उद्या सात वाजता पहार घेऊन येतो, रूळ उखडू. मी बोलावलं नव्हतं.
काठीवर माझं नाव कोरलंय.
अक्षर अगदीच भिकार.