सशांचा गोग्रास

सोमवार, २५ ऑगस्ट २००३

प्रयोगशाळेतल्या सशाच्या मूत्राशयाला शिवलेलं नव्या कृत्रिम पडद्याचं ठिगळ छान सांधलं होतं. आज उघडून बघते, तर त्यावर खडे! दोष ठिगळाचा की खाण्याचा? खाणं तर आम्ही मोजून देतो. मग पिंजऱ्यात हे अळूच्या भाजीचं देठ आलं कुठून? अळूनं तर खडे होतातच!

पिंजरे सांभाळणाऱ्या, आमच्याच आळीतल्या सावंतबाई म्हणाल्या, "दर श्रावणी सोमवारचा गोग्रास तो, मॅडम. जवळपास गाय नाही, म्हणून सशांना."

नको तेवढी ओरडले मी. आता सगळी चाचणी पहिल्यापासून. पुन्हा नवे ससे, पुन्हा चिरफाड. एका देठापायी!

घरी येऊन आईपुढेही तेच तणतणले. ती पान वाढता वाढता थांबली.

"त्या बाईला कशाला बोललीस गो? गोग्रास मीच पाठवत होते तिच्याकडे. तूच म्हणालीस ना, मुकी जनावरं आपल्यासाठी सोसतात म्हणून?"