वसुबारसेचं कुंकू आणि बुलांगा क्रीकची भरभराट

प्रिय संजीवराव,

तुमच्या भगिनीच्या यजमानांचा सप्रेम नमस्कार. पॅरामॅटात सगळे ठणठणीत असाल. तुमची कंबर आता ऑफिसातली खुर्ची सोसते का? चित्रलेखा भाऊबीजेला तुमच्याकडे पोचली आहेच. (भावाला ओवाळायला मिक्सर आणि पुरणयंत्र लागत नाही, एवढं मलाही कळतं.) तिने काय सांगितलं असेल याचा अंदाज आहे, म्हणून माझी बाजूही ऐका.

आम्ही इथे बुलांगा क्रीकला आलो तेव्हा गावात एक पब, एक पेट्रोल पंप आणि गुरांचा बाजार, संपलं. मी कौन्सिलचे कॉम्प्युटर सांभाळायला आलो. कॉम्प्युटर दोन, त्यातल्या एकावर मांजर झोपायचं. गेल्या वर्षी वसुबारस आली. पुण्यात पूजेला गाय-वासरू शोधत गल्लोगल्ली हिंडावं लागतं, इथे शेकड्यांनी कुंपणात उभी! चित्रलेखाने पहिल्या गायीला कुंकू लावलं, मग दुसरीला वाईट वाटेल म्हणून तिला, असं करता करता करंडा संपला, तेव्हा तिने रांगोळीचा लाल रंग काढला. (तुमच्या घराण्यात हात आखडता घेत नाहीत, हे मी कौतुकानेच म्हणतोय.) आता इथल्या बाजाराची रीत अशी, की विकत घेतलेल्या गुरावर घेणारा आपला रंग मारतो. लिलाववाला केव्हिन सकाळी येऊन बघतो तर अख्खा बाजार लाल. "हू बॉट द लॉट, मेट?" त्याने मला विचारलं. मी नुसता हसलो. इंग्रजीत वसुबारस सांगायला सुरुवात कुठून करायची?

झालं! भारतातून कोणी बडा व्यापारी उतरलाय, अशी आवई उठली. त्याच्याआधी माल उचलायला लांबलांबचे व्यापारी धावले. त्यांना झोपायला मोटेल आलं, जागं राहायला कॉफी शॉप आलं, मागोमाग बँक आली. कौन्सिलने हौसेने राउंडअबाउट बांधला; गाड्या मोजक्याच, त्यामुळे असेल ती गाडी दोन-दोन फेऱ्या मारते. मेयरबाईंनी माझ्या डोक्यावर मोठी हॅट ठेवून मला विकास समितीवर घेतलं.

चित्रलेखा वर्षभर मागे लागली होती, "नरेंद्र, ते कुंकू होतं म्हणून सांगून टाक. देवाचं केलेलं असं धंद्याला लावू नये." मी म्हणायचो, शाळेचं छप्पर होऊ दे, मग सांगतो. यंदा वसुबारसेला मेयरबाईंनी गुरं रंगवतानाच्या फोटोसाठी तिच्या हातात लाल रंगाची बादली आणि ब्रश दिला. तिने बादली खाली ठेवली, घरी आली आणि बॅग भरली.

तर काळजी नसावी. माझं इथे उत्तम चाललंय. तिला हवं तितकं राहू दे, माहेरपण होऊ दे.

तुमचा,
नरेंद्र

ता. क. : काल समितीत उभं राहून सगळं खरं सांगितलं. मेयरबाई "गुड वन, मेट!" म्हणाल्या आणि सगळ्यांनी विनोद समजून टाळ्या वाजवल्या. तरी मी सांगितलं, हे तिच्या कानावर घाला.

पुन्हा ता. क. : तेवढ्याने ती ऐकायची नाही. तिला म्हणावं, ती गेल्यापासून गायी चरत नाहीत. (गायी व्यवस्थित चरतायत. मलाच घास उतरत नाही. पाठवा हो तिला.)