उजव्या कोपऱ्यातली फुली

८ एप्रिल, मंगळवार. सकाळी.

मनुष्याने किती अन्याय सोसावा याला काही मर्यादा असावी. लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात वायफायचं एक चिन्ह असतं. त्यावर आज फुली उमटली आहे. तांदळाच्या दाण्याएवढी. पण ज्याच्या उत्तरपत्रिकेत जन्मभर फुली आली नाही, त्याने ती का पाहावी?

काल घरात दोन कामं झाली. मी लॅपटॉपवरचं जर्जर विंडोज काढून लिनक्स नावाची नवी प्रणाली टाकली, आणि आमच्या सौ. गोपिकाने समोरच्या खोलीत कूलर बसवून घेतला. बुद्धीचं काम माझं होतं. त्यामुळे दोषही माझ्याच कामात शोधणं ओघाने आलं.

चिंता नाही. दुपारच्या जेवणाआधी दुरुस्त करतो.

८ एप्रिल. रात्री.

उद्या करतो.

९ एप्रिल, बुधवार.

नेट हवंच आहे, आणि लवकर. गेल्या शनिवारी रितिकाचा फोन आला होता. ही आमच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीची नवी संपादक. म्हणाली, सर, पुरवणीचं रूप बदलतंय, तुमच्या सदराबद्दल सविस्तर मेल करते. ‘सुपारीचं खांड’ हे माझं सदर. लोक पुरवणी घेतात ती त्यासाठीच, असा माझा नम्र अंदाज. तेव्हा मेल आलेला असणारच. बहुधा जागा वाढवून देणार. अर्ध्या पानाला मी नाही म्हणणार नाही.

गोपिकाचं म्हणणं, अहो, फोनवर पाहा न मेल, काहून जीव जाळून राहिले? तिला सांगितलं, महत्त्वाचा पत्रव्यवहार फोनवर वाचणं म्हणजे पंगत मांडलेली असताना उभ्याने वरण-भात खाणं. ती म्हणाली, आजकाल लग्नात समदे उभ्यानंच खातात.

१० एप्रिल, गुरुवार.

संकल्प: दोन दिवसांत लिनक्स हस्तगत. पाणिनीची सूत्रं पचवलेल्या माणसाला हे काय जड!

टर्मिनल नावाची काळी पाटी उघडली. आज्ञा दिली. तिने पासवर्ड मागितला. टाइप केला तर पाटीवर काहीच उमटेना. टिंबसुद्धा नाही. शुद्ध निर्गुणोपासना. भक्ती कमी पडली असावी, कारण उत्तर आलं, क्षमस्व, पुन्हा प्रयत्न करा.

१२ एप्रिल, शनिवार.

फुलीवर टिचकी मारून पाहिली! यादी उघडते आहे. यादीत शेजारच्या रविंद्रभाऊंचं नेट दिसतं. आमचं दिसत नाही.

स्वतःच्या घरातलं दिसू नये आणि भिंतीपलीकडचं लख्ख दिसावं, यालाच माया म्हणतात. निष्कर्ष: लॅपटॉपच्या आतला वायफायचा भाग लिनक्सला मानवलेला नाही. नवा, बाहेरून लावायचा अडॅप्टर आणावा लागेल.

रविंद्रभाऊ भिवापूरच्या मिरचीचे व्यापारी. बोलणंही त्याच मालाचं. चहाला आले तेव्हा म्हणाले, काहून गा पंडित, माह्यं दिसते अन् तुह्यं दिसत नाही, मंग मशीन आंधळं कसं? पासवर्ड सांगू काय माह्या नेटचा? मी म्हटलं, उसन्या अग्नीवर यज्ञ होत नाही. ते म्हणाले, चहा तं होते न.

व्यापारी माणूस. तर्कशास्त्राचा गंध नाही.

१३ एप्रिल, रविवार.

पुरवणी आली. माझ्या जागी भेंडीच्या आमटीची कृती. तात्पुरती सोय दिसते.

१५ एप्रिल, मंगळवार.

बर्डीच्या बाजारात जाऊन अडॅप्टर आणला. करंगळीच्या पेराएवढा. दुकानदाराला विचारलं, लिनक्सवर चालतो ना? म्हणाला, सबमें चलता है काका. इतकं व्यापक विधान एकदम स्वीकारायचं नसतं, हे मला माहीत होतं. पण ऊन फार होतं.

लावला. निळा दिवा लागला. बाकी काही नाही. नुसताच दिवा पाहायचा तर देवघरात आहे.

१६ एप्रिल, बुधवार.

मूळ सापडलं. अडॅप्टरला ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लागतो. तो नेटवरून उतरवायचा. नेट चालायला अडॅप्टर चालावा लागतो. अडॅप्टर चालायला ड्रायव्हर. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. रामटेकला गुरुजींनी तो शिकवला तेव्हा मी विचारलं होतं, असं प्रत्यक्षात कुठे घडतं? गुरुजी म्हणाले होते, घडेल.

डब्यात ड्रायव्हरची सीडी आहे. लॅपटॉपला सीडीची फटच नाही.

१७ एप्रिल, गुरुवार.

गोपिका म्हणाली, फोनचं नेट वायरीनं लॅपटॉपले देता येते म्हणतात. तेवढ्यात घ्या न ड्रायव्हर. उपाय चुकीचा नाही. पण मग त्याच वायरीने मेलही दिसेल, आणि अडॅप्टर कधीच लागणार नाही. कामं क्रमाने व्हावीत. तिला म्हटलं, आधी मी हस्तलिखित टिपणं काढतो. ती हसली नाही. तिने हसायला हवं होतं.

दुपारी फोन हातात होता म्हणून मेलच्या चिन्हावर बोट नेलं. मग काढून घेतलं. बॅटरी वाचवली.

२० एप्रिल, रविवार.

पुरवणी. यावेळी कैरीचं पन्हं. वाचकांची पत्रं आली असतील संतापाची. रितिका ती मला मेलवर पाठवत असेल. कुठे ठेवू इतकी?

२३ एप्रिल, बुधवार.

शेवटी फोनची वायर लावली. केवळ ड्रायव्हरपुरती. बाकी कुठेही बघितलं नाही. उतरवला. काळ्या पाटीवर पंधरा मिनिटं अक्षरं धावली, अगदी वेदांचा घनपाठ चालावा तशी. शेवटी दोन ओळी लाल. लाल ओळींचा अर्थ नंतर पाहू म्हटलं आणि लॅपटॉप बंद करून चालू केला.

आता आतला वायफायही गेला. रविंद्रभाऊंचं नेटसुद्धा दिसत नाही. निदान पक्षपात तरी संपला.

२७ एप्रिल, रविवार.

पुरवणी उघडली नाही. गोपिकाने उघडली. माझं सदर असायचं त्या पानावर थांबली. मी विचारलं, काय आहे? म्हणाली, काही नाही. तुमच्या राशीले प्रवास आहे.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया.

आजच्या दिवशी केलेलं अक्षय्य टिकतं. म्हणून लिनक्स मुळापासून पुन्हा टाकण्याचा मुहूर्त मुद्दाम आजचा धरला. स्नान, आमरस, मग लॅपटॉप. सगळं यथासांग. ड्रायव्हरही नव्याने घातला.

सायंकाळी त्याच दोन लाल ओळी. आजच्या दिवशी केलेलं टिकतं हे खरंच आहे.

रविंद्रभाऊ म्हणाले, पंडित, विंडोज टाकून घे न गा परत, नवी नवरी नांदत नाही तं काहून जबरदस्ती करून राहिला? मी म्हटलं, हा आता तत्त्वाचा प्रश्न आहे. ते म्हणाले, तत्त्व तं ठीक, पण तुले पाहाचं काय आहे नेटवर?

मी कपाकडे बोट दाखवलं. चहा थंड होत होता. त्यांचा.

४ मे, रविवार.

पारा पंचेचाळीस. कूलर अहोरात्र. मी अडॅप्टर उलटा लावून पाहिला. उलटा जात नाही.

७ मे, बुधवार. सकाळी.

लिहायला हात धजत नाही, पण घडलं ते घडलं.

काल लिनक्स पुन्हा पहिल्यापासून टाकलं होतं, कोरं, ड्रायव्हर वगैरे काही न घालता. थकलो होतो म्हणून अडॅप्टरही लावला नव्हता. सकाळी गोपिकाने कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायला काढल्या. कूलर खिडकीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणला. मागच्या खोलीत माझ्यासमोर, उजव्या कोपऱ्यात, वायफायच्या चारही कमानी उभ्या राहिल्या. आमचंच नाव. पूर्ण ताकद.

उठून समोर गेलो. खिडकीशेजारच्या कोनाड्यात घरभर नेट पुरवणारा आमचा राउटर, डोळे मिचकावत. कूलर परत जागेवर लोटला. मागे जाऊन पाहिलं: नेट गायब. पुन्हा ओढला: हजर. पत्र्याचा माणूसभर कूलर, पोटात पाण्याची टाकी, आणि त्याच्या पाठीमागे चिणलेला राउटर. महिनाभर रविंद्रभाऊंचं नेट भिंतीतून येत होतं आणि आमचं आमच्याच कूलरमागे उन्हाळा काढत होतं.

लिनक्सने पहिल्या दिवसापासून काहीही बिघडवलं नव्हतं. जे बिघडलं ते मी दुरुस्त करताना.

गोपिका ओल्या हातांनी उभी होती. म्हणाली, अहो, मले सांगतले असते तं मीच सरकवला असता न. मग कूलर तिरका ठेवला.

७ मे. सायंकाळी.

सकाळीच मेल पाहता आला असता. आधी टेबल आवरलं. मग पुस्तकांवरची धूळ काढली. चार वाजता उघडला.

विजेचं बिल. कुठल्याशा दुकानात कूलरवर सवलत. अडॅप्टर कसा वाटला, अभिप्राय द्या. रितिकाचा मेल नाही. स्पॅममध्ये पाहिलं. कचऱ्याच्या पेटीत पाहिलं. पान पुन्हा पुन्हा ताजं केलं. नेट उत्तम चालत होतं.

म्हणजे मला काढलेलंही नाही. काढायला आधी आठवावं लागतं.

गोपिकाला सांगितलं, मेल आलेला नाही. ती भाजी निवडत होती. म्हणाली, मले मालूम होतं. तुमच्या फोनवर मी पाहत होती अधूनमधून. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही त्या लॅपटॉपशी भांडून राहिले होते. बरं वाटत होतं तुम्हाले. काहून मोडू म्हटलं.

आज तरी इथे खरं लिहितो. लिनक्सचं काही नाही, ते चालतं. फोनही सगळा महिना चालू होता, खिशातच होता. चार रविवार सदर आलं नाही आणि एकाही वाचकाने, का हो, दिसला नाहीत, असं विचारलं नाही. मला भीती वाटते ती ही, की ते येत होतं तेव्हाही कोणी वाचत नसावं.