टोपी नसताना

३ फेब्रु., सोमवार
पेन्शनीतला पहिला सोमवार. दूध आणायला गेलो. कॅन्टोन्मेंटच्या गेटवरच्या जवानाने सवयीने सॅल्यूट ठोकला. माझं डोकं उघडं. टोपीशिवाय सॅल्यूट करत नाहीत, सबंध नोकरीत केला नाही. नुसतं राम राम म्हणालो. परत आलो. काही वाटलं नाही.

६ फेब्रु.
पल्लवी एक जपानी मालिका बघते. पन्नाशीचा माणूस, ऑफिसने घरी बसवलेला, आता नूडलच्या दुकानात भांडी घासतो. खालच्या इंग्रजी ओळी मला भराभर वाचता येत नाहीत. गावच्या शाळेचं इंग्रजी. ती सांगत जाते, निम्मं हिंदीत. "पप्पा, मालक त्याच्याहून कितना छोटा आहे, तरी हा वाकतो."
सौ. स्वयंपाकघरातून, "वाकून कुणाचं हाड मोडलं नाही अजून."
हे मला होतं.

१० फेब्रु.
क्वार्टर एप्रिलमध्ये सोडायचं. पोरीचं कॉलेजचं एक वर्ष बाकी. नोकरी लागली तर इथेच भाड्याने, नाहीतर गाव. सौ.ला गाव नको. धाकट्याचा फोन, "दादा, ये की. तुझी खोली हाय." खोलीत त्याचा कांदा असतो.
मला काय हवंय?
देवापुढे बसलो. नाथबाबाकडे काही मागितलं नाही. मागायला आधी काहीतरी वाटावं लागतं.

१४ फेब्रु.
मानेसरच्या इंडस्ट्रियल एरियात गेलो. गाड्यांचे पार्ट बनवणारी फॅक्टरी, सिक्युरिटी सुपरवायझरची जागा. मॅनेजर तिशीचा, बोलायला चांगला. चहा दिला. मग हसत, "सूबेदार साहब, एक सॅल्यूट तो दिखाइए. बड़े साहब को बहुत पसंद है."
उठलो. सावधान झालो. हात मांडीला चिकटलेले.
"सर, सिर पे टोपी नहीं है."
"अरे, यहाँ कौन देख रहा है?"
राग आला नव्हता. हात उचलला गेला नाही, इतकंच.
"अच्छा. बता देंगे."

घरी सौ.ला सांगितलं.
"उचलायचा होता हात. काय जात होतं?"
"टोपी नव्हती."
"टोपी नव्हती. आणि पोरीचं वर्ष..." भाकरी थापत राहिली.

१७ फेब्रु.
मालिकेतला माणूस दुकान सोडून निघून गेला. नदीकाठी बसून डबा खातो. बराच वेळ नुसतं तेवढंच दाखवतात. मला आवडलं असावं.
पल्लवी स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "पप्पा, खरंच टोपीमुळे?"
"हो."
संध्याकाळी दिवा लावताना तो 'हो' परत आठवला. जप मध्येच राहिला.

२० फेब्रु.
मॅनेजरचा फोन. सोमवारपासून या, युनिफॉर्म आधी येऊन घेऊन जा. "टोपी भी मिलेगी, साहब. अब तो दिखाएँगे ना?" हसला. मी 'जी सर' म्हणालो.
सौ.ने शिरा केला. गोड होता.

२३ फेब्रु., रविवार
काल जाऊन युनिफॉर्म आणला. नवी वस्तू म्हणून सौ.ने टोपीला हळदीकुंकवाचं बोट लावलं, देवाच्या फळीवर ठेवली.
पल्लवी म्हणाली, "लास्ट एपिसोड आहे. तुमच्यासाठी रोकून ठेवलाय."
"तो परत जातो का दुकानात?"
"चलो, बघू ना."
म्हटलं, उद्या. घरी आल्यावर.
टोपी घालून आरशासमोर उभा राहिलो. मापात बसली. सौ. दारात येऊन थांबली, हाताला पीठ. सावधान झालो.
ती हात वर जायची वाट बघत राहिली. मीही.