ढोलीत नसलेला चेंडू

ता. ९ नोव्हेंबर
सकाळ, चहा झाल्यावर

प्रिय वन्सं,

नमस्कार. आधी गुडघ्यांची चौकशी करते, नाहीतर ते रुसतील. सून तुम्हाला जिना चढू देत नाही असं कळलं. बरंच झालं, कुणाचं तरी ऐकायची सवय लागेल. अक्षर वरखाली दिसेल, टेबल जरा हलतंय.

क्लबात ज्येष्ठांच्या गोल्फच्या जोडी स्पर्धेची गडबड सुरू झालीय. रीत तीच. एक चेंडू, दोघींनी आळीपाळीने मारायचा, आणि एकीने मारला की दुसरीने ओरडून सांगायचं कुठे गेला ते. तुमच्या हाकांची आठवण अजून निघते. तळ्यात पडला की, "बदकांची विचारपूस करायला गेला!" झाडीत घुसला की, "माहेरी गेला, येईल चार दिवसांनी!"

मंगळवारी सरावाला गेले होते. एवढं धुकं, की झेंड्यांच्या काठ्या दिसत नव्हत्या, नुसती फडकी हवेत तरंगत होती. मी बेताने उभी राहिले, स्टिक उगारली आणि मारलं. टोला लागल्याचा आवाजच नाही. पांढरे तुकडे उडाले. वन्सं, मी अळंबीला मारलं होतं! चेंडू शेजारी जागच्या जागी. आपली बँकवाली हसून हसून खाली बसली. "भाजीच करायची होती तर घरी करायचीस!" मीही हसले. जरा जास्तच हसले.

मग कुणीतरी म्हणालं, "चला, धुकं गेलं." सगळ्या पुढे निघाल्या.

माझं गेलं नव्हतं. पाठीला ऊन लागत होतं आणि धुकं तसंच होतं.

तसं वाईट नाही हो ते. झाडं एकमेकांत विरघळतात. हिरवळ चालत चालत आभाळात शिरते. माणसं आधी आवाज होऊन येतात, मग माणसं होतात. वाटतं, आपण झोपेतच चालतोय आणि कुणी उठवू नये. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता चष्म्याने भागायचं नाही. मुलांना बोलले नाही. विषय निघाला म्हणून लिहिलं. आणि टेबल हलत नाहीये.

काल सेक्रेटरी बाकापाशी भेटले. ते गोड बोलायला लागले की काय ते समजावं. "काकू, यंदा चेंडू ढोलीत टाकायचा का?" बाकामागच्या झाडाची ढोली. एकदा तिथे आपला चेंडू टाकला की खेळ संपला, पुढे बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या. रविवारपर्यंत जोडीदारीण मिळाली नाही तर मीही टाळ्यांत.

ते गेल्यावर मी ढोलीत हात घातला. मुलाकडे जाताना तुम्ही मला न सांगता चेंडू टाकून गेला असाल, असंच धरून चालले होते मी. तुमच्या चेंडूवर सुईने कोरलेली फुली असते ना? एकेक चेंडू बोटांनी चाचपला. फुली कुठेच लागली नाही.

म्हणजे तुम्हीही अजून खेळातच आहात.

मग या की. चालायला क्लबाची बॅटरीवर चालणारी गाडी आहे, तुमच्या गुडघ्यांना खाली उतरून फक्त आपल्या वाटणीचा टोला मारायचाय. माझा टोला मी मारीन. तुम्ही मागून सांगा कुठे गेला. तळ्यात गेला तर तळ्यातच म्हणा, माझं मन राखायला खोटं बोलू नका.

बदकांचं मात्र सांगा.

धुक्यात उभी, कान तुमच्याकडे लावून,
तुमची वहिनी