सव्वापट कोबी

२ मार्च, सकाळी ७

आजपासून भाजी! चार महिने भात, अंडं, सोललेला बटाटा आणि उकडलेली कोंबडी यांवर काढले. मोठ्या आतड्याची सूज आता उतरली आहे, असं डॉक्टर म्हणतात. आहारतज्ज्ञ बाईंचा नियम: एका वेळी एकच भाजी. सोलून, मऊ शिजवून, दोन चमचे. मग तीन दिवस थांबायचं आणि पोटाचं काय झालं ते त्यांनी दिलेल्या निळ्या वहीत खरं खरं लिहायचं. ही रोजनिशी मात्र माझ्यापुरती.

२४ तारखेला कंपनीच्या डॉक्टरांची तपासणी. पास झालो तर टॉवर क्रेनची कॅबिन परत माझी. नाहीतर जन्मभर स्टोअरमध्ये हेल्मेटं मोजायची, आणि माझ्या खुर्चीत बायकोचा धाकटा भाऊ. सध्या तो तिथे तात्पुरता आहे. तात्पुरता कसला, चांगला रुळलाय.

संकल्प: नियम अक्षरशः पाळणार.

दुपारी २

गाजर, दोन चमचे. बायको म्हणाली, हा चमचा नाही, डाव आहे. चमचा केवढा, ते बाईंनी सांगितलं नव्हतं. त्याला मी काय करू?

५ मार्च

गाजर पास. काल संध्याकाळी कळ आली होती, पण तेव्हा मेहुणा घरी आलेला. कॅबिनला नवी काच बसवून घेतली म्हणून सांगत होता. कोणाच्याही पोटात कळ येईल. गाजराचा दोष नाही.

८ मार्च

लाल भोपळा. चार वेळा जावं लागलं. पहिली वेळ कालचीच राहिलेली. शेवटची नुसती शंका. म्हणजे दोन. निळ्या वहीत दोन लिहिलं.

१० मार्च, स्टोअरमध्ये

या गतीने २४ पर्यंत पाच-सहाच भाज्या होतील. बाई हुशार आहेत, पण त्यांनी क्रेन कुठे चालवली आहे? आमच्याकडे क्रेन उभी केली की आधी तिच्यावर सव्वापट वजन टाकून बघतात. पाच टनांची असेल तर सव्वासहा उचलून दाखवायचं, मगच कागद मिळतो. दोन-दोन चमचे घालून कुठली क्रेन पास झाली आहे? पोटालाही हेच लागू. अगदी शास्त्रशुद्ध.

१३ मार्च

बीट, घेवडा, फ्लॉवर. एकत्र. बायको म्हणाली, अहो, एकेक सांगितलंय ना? म्हटलं, प्रत्येकी दोनच चमचे आहेत. ती म्हणाली, डाव. एकच गोष्ट धरून बसायची खोड आहे तिला.

संध्याकाळी

सहा. निळ्या वहीत: दोन.

१७ मार्च

बाईंनी वही पाहिली. इतकी छान वही बऱ्याच दिवसांत पाहिली नाही म्हणाल्या. लगेच डॉक्टरांना दाखवली. तेही खूश. गोळ्या निम्म्यावर आणल्या. बापरे! क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. तोंड उघडलंसुद्धा. मग म्हटलं, एवढी शिकलेली माणसं, उगीच थोडीच कमी करतील?

२० मार्च, सकाळी ६

लाल दिसलं. मग आठवलं, बीट! आठवडा झाला त्याला, पण बीट चिवट असतं.

बायको दार ठोठावत होती. बरं आहे ना, विचारत होती. एकदम बरं आहे म्हणालो. तरी हलेना. बाईंना फोन करते म्हणाली. मी आतून ओरडलो, की केलास तर माझ्याशी बोलू नकोस. तिने फोन केला नाही. उगीच ओरडलो.

२४ मार्च

पास! डॉक्टरांनी पोट दाबलं तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण मी हसत राहिलो. गुदगुल्या होतात म्हणालो. मेहुण्याने कॅबिनची किल्ली हातात दिली आणि भावजी, सांभाळून, म्हणाला. आतून जळत असणार.

मात्र चाचणीशिवाय नुसत्या कागदाला अर्थ नाही. संध्याकाळी कच्चा कोबी. सव्वा वाडगा, मोजून. बायको जेवता जेवता उठून गेली.

२५ मार्च, सकाळी ६.४०

वर आलो! चौपन्न मीटर. शिडीच्या दोनशे बारा पायऱ्या. जरा धाप लागली, पण पोट शांत. बाकी खुर्ची मेहुण्याने फारच पुढे सरकवून ठेवली आहे.

१०.४०

गुरगुर. खाली उतरायला वीस मिनिटं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सहज निघेल.

२६ मार्च, हॉस्पिटल

निघालं नाही. अकरा वाजता हुकला दोन टन सळ्या होत्या आणि खाली सात माणसं. अशी कळ आली की हात लिव्हरवरून सुटला. लिव्हर सोडला की क्रेन जागीच थांबते, म्हणून कोणी मेलं नाही. वजन टांगलेलं असताना जागा सोडायची नाही, हा आमचा पहिला नियम. मी कॅबिनमध्ये खाली वेटोळं करून पडलो होतो. सिग्नलमन वॉकीटॉकीवर ओरडत होता, काय झालं, काय झालं? काय झालं ते सांगितलं. सगळ्या साइटने ऐकलं.

मेहुणा धावत चढून आला. मला ओलांडून खुर्चीत बसला आणि आधी सळ्या खाली ठेवल्या. मला पट्ट्याने बांधून उतरवलं. मग पुन्हा वर जाऊन कॅबिन धुतली. दुसऱ्या कोणाला वर येऊ दिलं नाही, असं बायकोने सांगितलं.

२७ मार्च, दुपारी

सूज पहिल्यापेक्षा जास्त. डॉक्टर म्हणाले, निळी वही बघता भाज्यांनी काहीच बिघडलेलं दिसत नाही, म्हणजे औषधच लागू पडत नाही. आता आतड्याचा तुकडा काढायचं बोलताहेत. उद्या ठरवणार. मला भीती वाटते.

मेहुणा येऊन गेला. चार महिन्यांत मॅनेजरने त्याला कायम करायचं पत्र तीनदा दिलं होतं. भावजी येताहेत म्हणून त्याने तीनदा परत केलं. बायकोला ठाऊक होतं. आता सही करू का, हे विचारायला आला होता. चेहरा पडलेला. कर म्हणालो.

तो गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं. खरे आकडे कुठे लिहिलेत, एवढंच विचारलं तिने. आता ती ही रोजनिशी डॉक्टरांकडे नेणार आहे. हात पुढे करून उभी आहे. तिच्या भावाबद्दलची पानं तेवढी फाडतो म्हणालो. नाही म्हणाली. आधी ती वाचणार आहे.