दवाखान्यासाठी लिहिलेला बायोडाटा

अण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण आज तुम्हाला विचारल्याशिवाय माझं पान पुढं सरकेना. जालन्याच्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बाई हवी आहे. इथं बदनापुरात घरी बसून लोकांचे ब्लाउज शिवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आता सगळ्या जणी तयार घेतात आणि मशीन नुसतं पडून असतं. मला ती नोकरी हवी आहे, अगदी मनापासून हवी आहे. म्हणून दुपारी बायोडाटा लिहायला बसले. वर गणपती काढला, मग जन्मवेळ, उंची, वर्ण, मामाचं गाव. लेकीनं पाहिलं आणि हसत हसत खालीच बसली. म्हणाली, "आई, हे तं लग्नाचं हाय. स्थळ पाह्यला चालली का तू?"

मी तरी काय करणार? आपल्या घरात बायोडाटा म्हणजे तोच एक. राजूरला तुमच्या शिलाईच्या दुकानात, चिंध्या बाजूला सारून तुम्ही तो माझ्यासाठी लिहायला घेतला होता. मी शेजारी बसून काज-बटण करतेय, आणि हळूच म्हणतेय की शिवणकाम येतं तेही लिहा. तुम्ही मान वर न करता म्हणता, "ते न्हाई लिहायचं. सासरचे मशिनीवरच बसवतील तुला." तेव्हा मला ती माया वाटली. आज वाटतं, तुम्हाला आपल्या धंद्याची लाज तर वाटत नव्हती ना? की दोन्ही होतं? काही कळत नाही. लेक म्हणते, अनुभव लिही. घरी बसून केलेल्या कामाला अनुभव म्हणतात का? बायका माप द्यायला यायच्या आणि घरचं सगळं सांगून, कधी रडून जायच्या. दवाखान्यात तेच लागत असेल, पण ते लिहू कसं?

शेवटी लेकीनंच सगळं नीट बसवून दिलं. राहिली ती दवाखान्याला चौकशीसाठी हवी असलेली, आपलं काम ओळखणाऱ्या दोघांची नावं, नातेवाईक सोडून. एक शेजारच्या बाई झाल्या. दुसरं कोणी सुचेना. माझी शिलाई उलटी करून बघणारं आणि चुकली तर उसवायला लावणारं माणूस एकच होतं. मी तुमचं नाव लिहिलं, अण्णा. लग्नानंतर आडनाव वेगळं, तुम्ही माझे वडील हे कोणाला कळणार? पुढं तुमचा जुना फोन नंबरही घातला. हे पत्र तर कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते: लेकीला न सांगता मघाशी मी तो नंबर लावून पाहिला. पलीकडं बेल वाजली, तशी मी घाबरून फोन ठेवून दिला.